तळमजला धरून तिसरा

टॉपर हे काही तिचं नाव नव्हे. शाळेत गणितात पहिली आली त्या दिवसापासून सगळी इमारत तिला टॉपर म्हणायला लागली आणि खरं नाव फक्त हजेरीपटात उरलं. तिचं प्रमाणपत्र चौकटीत बसवून बाहेरच्या खोलीत टांगलं होतं. त्या चौकटीखालच्या चार बटणांपैकी कुठल्या बटणाने कुठला दिवा लागतो, हे मात्र तिला सतराव्या वर्षापर्यंत कळलेलं नव्हतं. ती चारही बटणं दाबायची आणि हवा तो दिवा लागला की बाकीची बंद करायची.

हे सगळं कुणी बारकाईने पाहिलं असेल, तर ते तिच्या घराच्या बरोबर खाली, दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या कॅशियरकाकूंनी. काकूंचा जन्म बँकेत काचेमागे बसण्यात गेला होता. त्यामुळे निवृत्त झाल्यावरही त्या माणसाकडे चष्म्यावरून अशा बघायच्या, की त्याला वाटावं आपण कुठेतरी सही करायची विसरलो. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि मूलबाळ नव्हतं. रोज संध्याकाळी टॉपरने खाली यायचं, चहा घेता घेता दिवसभरातला आपला वेंधळेपणा सांगायचा आणि काकूंनी तिची यथेच्छ टिंगल करायची, हा दोघींचा नेम होता. टॉपरही त्यावर खळखळून हसायची. काकूंना वाटायचं, पोरगी गणितात हुशार असेना का, चेष्टा सहन करण्यात त्याहून हुशार आहे.

तर या टॉपरला दूरच्या शहरातल्या एका मोठ्या कॉलेजात प्रवेश मिळाला. तिथे आणखी दोन मुलींबरोबर भाड्याची खोली घेऊन राहायचं, स्वतः रांधायचं, स्वतः धुवायचं असा बेत होता. तिची आई दवाखान्यात नर्स. दिवसभर अनोळखी माणसांना धीर देणारी ही बाई घरी मात्र लेकीच्या काळजीने निम्मी झाली होती. बाप ट्रक चालवायचा. त्याला मत विचारलं की नेमकी फोनची रेंज जायची.

तशात आईच्या मोठ्या बहिणीचं कंबरेचं ऑपरेशन निघालं आणि आईला आठवडाभर तिकडे जावं लागलं. निघताना तिने टॉपरला समोर बसवून सांगितलं, "हा आठवडा तू एकटीने घर सांभाळ. जमलं, तर मी कॉलेजच्या कागदावर सही करते. नाही जमलं, तर इथलंच कॉलेज. मग रडायचं नाही."

आणि खाली येऊन ती काकूंना म्हणाली, "काकू, तुम्ही मदत करायची नाही. फक्त बघायचं आणि रोज रात्री मला खरं काय ते सांगायचं. तिला तिकडे पाठवायची की नाही, हे तुम्ही म्हणाल तसं."

"मी कधी खोटं बोललेय का?" काकूंनी विचारलं.

"म्हणूनच तुम्हाला सांगतेय," आई म्हणाली, जास्तीची किल्ली काकूंच्या हातात दिली आणि गेली.

पहिल्याच दिवशी टॉपर बटाटे आणायला गेली आणि पोतं घेऊन आली. म्हणजे पोतं एका हातगाडीवाल्याने आणलं, टॉपर त्याच्या मागून आली. काकू जिन्यात उभ्याच होत्या.

"लग्न आहे का कुणाचं?"

"नाही हो काकू! सुटे घेतले तर महाग पडतात. पोत्याने किलोमागे जवळजवळ निम्म्याने स्वस्त. मी हिशेब केला, केवढे पैसे वाचले माहितीय?"

"बघू वाचलेले पैसे."

टॉपर गोंधळली. "ते वाचले ना, काकू. म्हणजे गेले नाहीत."

"गेले नाहीत तर मग पाकिटात का नाहीत?"

टॉपरने पाकीट उघडून पाहिलं, कधी नव्हे तो गणिताने दगा दिल्यासारखा चेहरा केला आणि म्हणाली, "त्यातले थोडे गाडीवाल्याला द्यावे लागले."

त्या रात्री काकूंनी फोनवर हे सगळं इतकं रंगवून सांगितलं, की ऑपरेशन झालेली मावशीसुद्धा हसली आणि तिचे टाके दुखले. एकटी पोर, दोन वेळचं जेवण आणि पोतंभर बटाटे! अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, असा काकूंनी समारोप केला.

काकूंनी पुढची गोष्ट मात्र सांगितली नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत टॉपरने घरोघर फिरून, पोत्याच्याच भावाने, जवळजवळ सगळे बटाटे खपवले होते. दोन किलो तर काकूंनीच घेतले होते आणि मोठे मोठे निवडून घेतले होते. पण त्या रात्रीच्या फोनवर ते सांगायचं राहिलं. राहिलं, असं काकूंनी स्वतःला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुधाचं प्रकरण झालं. वीज वाचवावी म्हणून टॉपरने रात्री झोपताना फ्रिज बंद केला होता.

"रात्री कोण उघडतं फ्रिज?" ती म्हणाली. "आठ तास उगाच चालू ठेवायचा? वर्षाचा हिशेब काढा तुम्ही."

"हिशेब नंतर काढू. दूध कसं आहे ते सांग."

"घट्ट झालंय," टॉपर म्हणाली, आणि जरा विचार करून आशेने विचारलं, "चांगलं असतं का ते?"

मग न्हाणीघराचा दिवा गेला. टॉपर दोन दिवस फोनच्या उजेडात आंघोळ करत होती, कारण तिची समजूत अशी, की लाइट गेलीय म्हणजे ती येईल. तिसऱ्या दिवशी ती काकूंना विचारायला आली, की वीज कंपनीवाले एकाच खोलीची लाइट घालवतात ती कधी परत देतात? काकूंनी हसून हसून चष्मा काढून डोळे पुसले. खालच्या मजल्यावरच्या बायकांना बोलावून टॉपरला तो प्रश्न पुन्हा विचारायला लावला. बायका भिंतीला धरून हसल्या. टॉपरही हसली, पण बाकीच्यांच्या जरा मागून हसली. ते काकूंच्या लक्षात आलं नाही.

बल्ब बदलायचा असतो हे कळल्यावर ती दुकानात गेली आणि पिनचा बल्ब घेऊन आली, होल्डर आट्याचा. परत गेली, आट्याचा आणला, स्टुलावर चढून बसवला. आणि हात लागलाच आहे म्हणून, जिन्यातला कित्येक महिने गेलेला दिवाही त्याच दिवशी तिनेच बदलला. त्याबद्दल इतके महिने सगळी इमारत नुसती कुरकुर करत होती. काकूंनी आईला त्या रात्री फोनच्या उजेडातली आंघोळ सांगितली. जिन्यातला दिवा सांगितला नाही. हेही राहिलं.

आता खरं सांगायचं तर काही राहिलं-बिहिलं नव्हतं. काकूंना ती पोरगी जायला नको होती. एवढी साधी गोष्ट होती आणि ती मान्य करायला त्यांची जीभ तयार नव्हती. रोज संध्याकाळी दारावर थाप पडते, समोर कुणीतरी बसतं, आपण काहीतरी बोलतो आणि ते माणूस हसतं. हे बंद झालं की संध्याकाळ खायला उठेल, हे काकूंना आत्ताच दिसत होतं. तेव्हा त्या टॉपरचा एकेक वेंधळेपणा पारखून घ्यायच्या आणि आईकडे पोचता करायच्या. एकही शब्द खोटा नसायचा.

आठवड्याच्या शेवटी काकूंना बँकेत जावं लागलं. पेन्शन घेणाऱ्याने आपण अजून जिवंत आहोत हे वर्षातून एकदा समोर जाऊन दाखवायचं असतं. जिथे आयुष्य काढलं तिथेच काचेच्या बाहेरच्या बाजूला रांगेत उभं राहायचं आणि कालच्या पोराने आपला चेहरा फोटोशी ताडून पाहायचा. काकू तिथून निघाल्या तेव्हा आधीच तापलेल्या होत्या.

त्या दुसऱ्या मजल्यावर पोचल्या, पर्समधून किल्ली काढली, कुलपात घालायला गेल्या तर किल्ली आत जाईना. नीट पाहिलं तर दाराला कोरं करकरीत कुलूप. तेवढ्यात दार आतून उघडलं आणि टॉपर दिसली.

"या काकू, या," ती म्हणाली. "बसा."

स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखं बसून काकूंनी जे ऐकलं ते असं.

टॉपर दुपारी कानात गाणी घालून, फोनमध्ये डोकं घालून जिना चढली आणि एक मजला आधीच थांबली. दारं सगळी एकाच रंगाची. काकूंच्या दारावर पाटीही नव्हती. जन्मभर नावाच्या पाटीमागे बसल्यावर घरी आणखी पाटी कशाला, असं त्यांचं म्हणणं. टॉपरने आपली किल्ली लावली. फिरेना. जास्तीची किल्ली काकूंकडे आहे हे तिला बरोबर आठवलं, म्हणून ती एक मजला खाली उतरली, म्हणजे पहिल्या मजल्यावर, आणि तिथल्या रिकाम्या घराचं दार बराच वेळ वाजवत राहिली. भाडेकरू सोडून गेल्यापासून तिथे झुरळंच राहत होती. 'काकू घरी नाहीत,' असा तिने निष्कर्ष काढला. तो निष्कर्ष तेवढा बरोबर होता.

मग तिने फोन करून किल्लीवाल्याला बोलावलं. तो तिसऱ्या मजल्यावर जाऊन, कुणी दिसत नाही म्हणून परत खाली आला.

"ताई, तुम्ही तिसरा म्हणालात. हा दुसरा आहे."

इथे खरी टॉपर जागी झाली. "तुम्ही तळमजला मोजत नाही वाटतं?" तिने त्याला विचारलं. "तळमजला हाही मजलाच ना? तो एक, त्यावरचा दोन, आणि हा तळमजला धरून तिसरा."

"आणि वरचा तो?"

"तो चौथा."

किल्लीवाल्याने डोकं खाजवलं. "हे घर तुमचंच ना नक्की?"

"जन्मल्यापासून इथे राहते मी," टॉपर म्हणाली. पैसे देणारं गिऱ्हाईक तिसरा म्हणत असेल तर तिसरा, असा विचार करून त्याने हत्यारं काढली, कुलूप कापलं, नवं बसवलं आणि मजुरी एवढी घेतली, की नाकापेक्षा मोती जड व्हावा.

"आत गेल्यावर तरी कळलं असेल!" काकू ओरडल्या.

टॉपरने मान खाली घातली. "मला वाटलं, आईने सोफा बदलला."

"काय?"

"सरप्राइज म्हणून. मी बसून पण बघितलं. छान आहे. मग भिंतीवर काकांचा फोटो दिसला, तेव्हा म्हटलं, आई काकांचा फोटो कशाला लावेल?"

यावर काकू इतक्या हसल्या, की बँकेतला सगळा राग वाहून गेला. टॉपर पळून गेली नव्हती. कुलूप कापलेलं घर उघडं टाकायचं कसं, आणि किल्ल्या काकूंच्या हातात पडल्याशिवाय जायचं कसं, म्हणून तासन् तास तिथेच बसून राहिली होती. पण काकूंना हसण्यातून ते दिसायला उसंत नव्हती. त्यांनी जिन्यात जाऊन हाका मारल्या. खालच्या बायका आल्या, वरचे म्हातारे आले, आणि काकूंनी सगळी गोष्ट किल्लीवाल्याचा आवाज काढून सांगितली. तळमजला धरून तिसरा! पोरंटोरं जिन्यात ते ओरडत पळू लागली. टॉपर दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. या खेपेला ती हसलीच नाही, आणि गर्दी पांगायच्या आतच कुणाला न सांगता वर निघून गेली.

रात्री आईचा फोन आला. काकूंनी सोफ्यापर्यंतची सगळी हकिकत सांगितली.

पण आई हसली नाही. "म्हणजे तिला आपलं घर ओळखू येत नाही," ती हळूच म्हणाली. "काकू, परक्या शहरात काय करेल ही? खरं सांगा, तुमचं काय मत?"

काकूंनी चष्मा सारखा केला. "तूच बघ बाई. मी काय सांगणार? जे झालं ते सांगितलं."

"मग मी नाहीच म्हणते."

"आई आहेस तू. तुला योग्य वाटेल ते कर," काकू म्हणाल्या आणि फोन ठेवला. काम फत्ते झालं होतं. त्यांनी चहा टाकला, आणि सवयीने दोन कप काढले.

थोड्या वेळाने दारावर थाप पडली. टॉपर आत आली. तिच्या हातात काही नोटा होत्या.

"शिकवणीचे आहेत," ती म्हणाली. ती खालच्या मजल्यावरच्या दोन मुलांना गणित शिकवायची. "तुमचं जुनं कुलूप चांगलं, भारी होतं. हे त्याचे. आईला सांगू नका, तिच्याकडून नाही घेतले."

"ठेव तिथे," काकू म्हणाल्या. "चहा घे."

"आईचा फोन आला होता?"

"आला होता."

"काय म्हणाली?"

काकूंनी चहा गाळायला घेतला. गाळताना खाली बघता येतं. "नको म्हणाली."

"बरं झालं," टॉपर म्हणाली.

काकूंनी वर पाहिलं.

"मीही तेच ठरवलं होतं. उद्या तिला सांगणारच होते, की नाही जात." तिचा आवाज अगदी साधा होता, रडवेला वगैरे नव्हता. "तुम्ही म्हणता ते खरंय काकू. गणित येणं वेगळं आणि अक्कल असणं वेगळं. आधी मला वाटायचं, तुम्ही गंमत करता. पण सगळेच हसतात म्हणजे काहीतरी असेलच ना? मला भीती वाटते आता. तिकडे मी चुकले तर खालच्या मजल्यावर तुम्ही नसणार. त्यापेक्षा इथेच बरंय. रोज येईन मी चहाला."

काकूंना जे हवं होतं ते कुणीतरी काचेखालून अलगद त्यांच्याकडे सरकवलं होतं. पूर्ण रक्कम, एक पै कमी नाही. आणि हात लावताक्षणी त्यांना कळलं, की नोट खोटी आहे. त्यांना विलक्षण लाज वाटली. पोरीला त्यांनी बटाट्यांवरून नुसतं हसवलं नव्हतं, फ्रिजवरून नुसतं हसवलं नव्हतं. इतक्या वर्षांत रोज थोडं थोडं करून तिला एवढंच शिकवलं होतं, की तुझ्याने काही व्हायचं नाही. आणि ती टॉपर असल्यामुळे शिकवलेलं पाठ करून आली होती.

त्यांनी गाळणी तशीच ठेवली आणि फोन उचलला.

"मी बोलतेय. नाही, कुणाला काही झालं नाही. ऐक. बटाट्याचं पोतं तिने दुसऱ्या दिवशी जवळजवळ सबंध विकलं. घेतल्या भावाने. ते मी सांगितलं नाही तुला."

"काय?" पलीकडून आई म्हणाली.

"जिन्यातला दिवा तिने बदलला. तोही नाही सांगितला. फ्रिज एकदा बंद केला, परत नाही केला. आज माझं घर उघडं टाकून गेली नाही, जेवणाखाण्याशिवाय राखत बसली. आणि कुलपाचे पैसे स्वतःच्या खिशातून घेऊन आलीय, ही समोर उभी आहे."

"पण काकू, तुम्ही तर म्हणालात..."

"मी म्हणाले ते सगळं खरं होतं. पण ती जाऊ नये म्हणून म्हणाले. मला एकटीला करमत नाही, म्हणून म्हणाले. कळलं? आता सही कर."

"पण ती चुकेल तिकडे," आई म्हणाली.

"चुकू दे. इथे चुकली की मी हसते, मी हसले की तिला वाटतं विषय संपला. तिकडे हसायला कुणी नसेल, तेव्हा निस्तरेल."

"आणि तुम्ही?"

"मला काय धाड भरलीय?" काकू जवळजवळ ओरडल्या आणि फोन ठेवला.

टॉपर तोंड उघडं टाकून उभी होती. "पण मी नको म्हणाले ना."

"तुला विचारलं कुणी? खाली बस. तिथल्या खोलीचं कुठवर आलंय?"

टॉपर बसली. तिने डोळे पुसले, नाक ओढलं, आणि हळूहळू तिचा चेहरा पूर्वीसारखा झाला, म्हणजे त्यावर एक हिशेब दिसू लागला.

"खोलीवाल्या बाई डिपॉझिट मागताहेत. दोन महिन्यांचं भाडं. खोली सोडताना परत देणार म्हणतात. मी विचार करत होते काकू, शेवटी परतच द्यायचे आहेत, तर आधी घ्यायचे कशाला? मी त्यांना सांगणार आहे, मीही देत नाही, तुम्हीही परत देऊ नका. दोन्हीकडे शून्य. हिशेब चोख."

काकूंच्या गळ्यापर्यंत हसू आलं. एवढी मोठी गंमत आठवडाभरात मिळाली नव्हती; दार उघडून जिन्यात एक हाक मारायची खोटी, सगळी इमारत गोळा झाली असती. त्यांनी ते हसू गिळलं. खुर्ची पुढे ओढली आणि डिपॉझिट म्हणजे काय, ते कुणाच्या भरवशासाठी असतं, परत घेताना काय बघायचं, काय लिहून घ्यायचं, हे शांतपणे पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.

निम्म्यातच टॉपरने मान डोलावली. "कळलं काकू."

"नाही कळलं," काकू म्हणाल्या, आणि पुन्हा पहिल्यापासून सांगू लागल्या.